किडनी नवी, शरीर जुनं: रिजेक्शनचं कोडं उलगडणारे पीटर मेडावर

बुरोंडी म्हटलं की दापोली फिरून आलेल्या मंडळींना आठवतो तो परशुरामाचा भव्य पुतळा, समोरचा समुद्र आणि बंदरात लागलेल्या होड्या. याच गावातला एखादा माणूस मुंबईला जाऊन किडनी बदलून आला, असं समजा. सख्ख्या बहिणीने किडनी दिली, ऑपरेशन नीट झालं. सहा महिन्यांत तो पुन्हा मासळी बाजारात दिसू लागला. जेवण जातंय, लघवी होतेय, पायांवरची सूज उतरलीय. तरी डॉक्टर त्याला ठरावीक दिवसांनी रक्त तपासायला लावतात. आणि एक दिवस फोन येतो की क्रिएटिनिन 1.2 वरून 1.9 झालंय, उद्याच्या उद्या या. त्याला तर काहीच होत नाहीये! मग रात्रीची एसटी पकडून मुंबई कशाला गाठायची?

या प्रश्नाचं उत्तर एका प्राणिशास्त्रज्ञाच्या आयुष्यात सापडतं. त्यांचं नाव पीटर मेडावर. त्यांनी एकाही माणसाला किडनी बसवली नाही. ते सर्जन तर नव्हतेच, साधे डॉक्टरही नव्हते. पण दुसऱ्याचा अवयव शरीर का नाकारतं, हे जगाला पहिल्यांदा नीट समजलं ते त्यांच्यामुळे.

मेडावर यांचा जन्म 28 फेब्रुवारी 1915 चा, ब्राझीलमधल्या पेट्रोपोलिस गावचा. वडील मूळचे लेबनॉनचे व्यापारी, आई इंग्रज. शिक्षणासाठी पोरगा लहानपणीच इंग्लंडला आला. मार्लबरो नावाच्या मोठ्या शाळेत त्याला घातलं, पण ती शाळा त्याला अजिबात आवडली नाही आणि ते त्यांनी पुढे आयुष्यभर लपवलंही नाही. 1932 मध्ये ऑक्सफर्डला प्राणिशास्त्र शिकायला गेल्यावर मात्र गाडी रुळावर आली. पदवी पहिल्या वर्गात मिळाली. त्यानंतर ते हॉवर्ड फ्लोरी यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. पेनिसिलिनला औषध बनवणारे ते हेच फ्लोरी. 1937 मध्ये बरोबर शिकणाऱ्या जीन टेलर यांच्याशी मेडावर यांचं लग्न झालं.

पुढची गोष्ट कळायला थोडं मागे, आपल्या पुण्यात जाऊ. टिपू सुलतानाविरुद्धच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा एक बैलगाडीवान पकडला गेला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळच्या एका देशी कारागीर वैद्याने त्याच्याच कपाळावरची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ही हकिकत चित्रासकट छापली आणि युरोपातले सर्जन थक्क झाले. ते नाक टिकलं, कारण कातडी त्याची स्वतःची होती. दुसऱ्याची कातडी लावली तर ती थोडे दिवस राहते आणि मग गळून पडते, हेही पुढे सर्जन मंडळींना अनुभवाने कळलं. पण का गळते? कुणी म्हणे टाके चुकले, कुणी म्हणे जंतू लागले, कुणी म्हणे रक्तपुरवठा कमी पडला. खरं कारण कुणाच्याच हातात नव्हतं.

1940 साल. दुसरं महायुद्ध पेटलेलं. मेडावर बायको आणि लहान मुलीबरोबर ऑक्सफर्डच्या घरच्या बागेत होते, तेव्हा एक बॉम्बर विमान जवळच कोसळलं आणि पेटलं. त्यातला एक वैमानिक जिवंत निघाला, पण अंगाचा मोठा भाग भाजलेला. जखमा झाकायला त्याची स्वतःची चांगली कातडी पुरेशी उरली नव्हती. डॉक्टरांनी मेडावर यांना विचारलं, काही करता येईल का? मेडावर यांनी प्रयोगशाळेत कातडीच्या पेशी वाढवून बघितल्या. फारसं काही साधलं नाही. पण प्रश्न डोक्यात बसला: बाजूला शंभर माणसांची धडधाकट कातडी उपलब्ध आहे, तरी या एकाला ती चालत का नाही?

सरकारच्या युद्धजखमा समितीने त्यांना ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीतल्या भाजलेल्या रुग्णांच्या विभागात पाठवलं. तिथे टॉम गिब्सन नावाचे तरुण सर्जन होते. त्यांच्याकडे एक 22 वर्षांची बाई दाखल होती. फिट येऊन ती गॅसच्या शेगडीवर पडली होती. दोघांनी तिच्या जखमेवर तिच्या स्वतःच्या कातडीचे छोटे तुकडे लावले आणि शेजारी तिच्या भावाच्या कातडीचे. सुरुवातीला सगळेच तुकडे सारखे दिसत होते. भावाच्या कातडीतही रक्त खेळायला लागलं, ती गुलाबी झाली, वाढू लागली. मग काही दिवसांनी तिचा रंग बदलला, ती सुजली आणि हळूहळू नष्ट झाली. इथवर नवीन काहीच नव्हतं.

नवीन होतं ते पुढे. त्यांनी साधारण पंधरा दिवसांनी भावाच्याच कातडीचे तुकडे दुसऱ्यांदा लावले. ते पहिल्यापेक्षा कितीतरी लवकर नष्ट झाले. टाके तेच, हात तेच, कातडी त्याच माणसाची. दोष टाक्यांचा किंवा जंतूंचा असता तर दुसऱ्या वेळी वेग का वाढावा? याचा अर्थ एकच निघत होता. बहिणीच्या शरीराने भावाची कातडी परकी म्हणून ओळखली होती आणि लक्षातही ठेवली होती. देवीची लस टोचल्यावर शरीर जे करतं, तेच इथे चाललं होतं. फरक इतकाच की समोर रोग नव्हता, भाऊ होता.

1943 मध्ये दोघांनी हे प्रसिद्ध केलं. मग मेडावर यांनी ऑक्सफर्डला परत येऊन सशांवर शिस्तीने प्रयोग केले. दुसऱ्या वेळचा वेग पुन्हा पुन्हा दिसला. सूक्ष्मदर्शकाखाली नाकारल्या जाणाऱ्या कातडीत पांढऱ्या पेशींची, म्हणजे लिम्फोसाइट्सची गर्दी झालेली दिसली. आजही किडनीची बायोप्सी काचेवर आली की पॅथॉलॉजिस्ट आधी हीच गर्दी शोधतो.

रिजेक्शन म्हणजे शरीराचा बिघाड असं आपण धरून चालतो. मेडावर यांच्या कामाने दाखवलं ते उलटं होतं. रिजेक्शन हे शरीराने आपलं काम चोख बजावल्याचं लक्षण आहे. जी यंत्रणा रोज जंतूंपासून आपल्याला वाचवते, तीच नव्या किडनीवर चालून जाते. तिला बहीण, बायको, दाता असले शब्द कळत नाहीत. आणि दुसरी गोष्ट: हल्ला सुरू होतो तेव्हा परका तुकडा गुलाबी, तजेलदार असतो. बाहेरून सगळं छान दिसत असतानाच आत तयारी चाललेली असते. बुरोंडीच्या माणसाला काहीच होत नाहीये, याचा खुलासा इथे आहे.

ही ‘आठवण’ नुसती कातडी लावल्यानेच तयार होते असं नाही. रक्त चढवल्याने होते, आधीच्या रोपणाने होते आणि बाळंतपणातही होते, कारण पोटातल्या बाळामध्ये अर्धा वाटा वडिलांचा असतो. म्हणून नवरा बायकोला किंवा मुलगा आईला किडनी द्यायला तयार असला, तरी डॉक्टर आधी क्रॉसमॅच करतात. दात्याच्या पेशी आणि घेणाऱ्याच्या रक्तातला द्रव एकत्र करून बघतात की तिथे आधीपासून अँटीबॉडीज तयार बसल्या आहेत का. या चाचणीचं महत्त्व सिद्ध करणारे पॉल तेरासाकी हे तरुणपणी लंडनला मेडावर यांच्याच प्रयोगशाळेत काम करून गेले होते. 1969 मध्ये त्यांनी आणि रॅमन पटेल यांनी दिलेले आकडे बघा: क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असताना बसवलेल्या 30 किडन्यांपैकी 24 लगेच निकामी झाल्या. निगेटिव्ह असताना 195 पैकी फक्त 8. त्यानंतर ही चाचणी न करता किडनी बसवणं जवळपास बंदच झालं.

रत्नागिरीकरांनी इथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हरकत नाही. 1952 मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी एक अतिशय दुर्मीळ रक्तगट शोधला, तो ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’. हा गट महाराष्ट्राच्या दक्षिण भागात आणि कोकणात तुलनेने जास्त सापडतो. साध्या चाचणीत ही माणसं ‘ओ’ गटाची वाटतात. पण ओ गटाच्या रक्तात एच नावाचा जो घटक असतो, तो यांच्या रक्तात नसतोच. उलट त्याच्या विरुद्ध अँटीबॉडीज आपोआपच तयार झालेल्या असतात. एच हा घटक किडनीच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावरही असतो. त्यामुळे ओ गट समजून ओ गटाची किडनी बसवली, तर हल्ला व्हायला आठवडे लागत नाहीत. काही मिनिटांत किंवा तासांत ती काळीनिळी पडू शकते. रोपणाआधी रक्तगट पुन्हा पुन्हा तपासतात, ते उगाच नाही.

युद्ध संपलं. 1947 मध्ये मेडावर बर्मिंगहॅमला प्राध्यापक झाले. पुढच्याच वर्षी स्टॉकहोमच्या एका परिषदेत एका पशुशास्त्रज्ञाने त्यांना साधा प्रश्न टाकला. गाईला जुळी वासरं झाली तर ती एकसारखी जुळी आहेत की वेगळी, हे कसं ओळखायचं? मेडावर यांनी आत्मविश्वासाने सांगितलं, सोपं आहे, एकाची कातडी दुसऱ्याला लावून बघा. एकसारखी असतील तर टिकेल, नाहीतर गळेल. शब्द दिला म्हणून रुपर्ट बिलिंगहॅम या सहकाऱ्याबरोबर ते बर्मिंगहॅमपासून लांबच्या एका फार्मवर जाऊन वासरांना कातडी लावत बसले. आणि तोंडघशी पडले! जवळपास सगळ्याच जुळ्यांनी एकमेकांची कातडी स्वीकारली. अगदी एक नर आणि एक मादी असली तरी. ती तर एकसारखी असणं शक्यच नव्हतं.

दुसरा कुणी असता तर प्रयोग फसला म्हणून गप्प बसला असता. मेडावर यांनी जुने निबंध चाळले. अमेरिकेतल्या रे ओवेन यांनी 1945 मध्ये लिहून ठेवलं होतं की गाईच्या पोटात जुळ्या वासरांचं रक्त एकमेकांत मिसळतं. म्हणजे जन्माआधी ओळख झाली तर शरीर परक्यालाही आपलं मानतं! ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट यांनीही असाच अंदाज बांधला होता. 1951 मध्ये लंडनला आल्यावर मेडावर, बिलिंगहॅम आणि लेस्ली ब्रेंट यांनी उंदरांवर हे मुद्दाम करून बघितलं. पोटातल्या पिल्लाला दुसऱ्या वाणाच्या उंदराच्या पेशी टोचल्या. ते पिल्लू मोठं झाल्यावर त्याने त्या दुसऱ्या वाणाची कातडी कुरकुर न करता ठेवून घेतली. ऑक्टोबर 1953 मध्ये ‘नेचर’मध्ये हा निबंध आला. रिजेक्शन हा अटळ नियम नाही, तो वळवता येतो, हे पहिल्यांदा सिद्ध झालं.

पुढच्याच वर्षी, 23 डिसेंबर 1954 ला, बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकची किडनी त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवली. दोघं खरंच एकसारखे जुळे आहेत का, हे कसं तपासलं असेल? एकाची कातडी दुसऱ्याला लावून. ती टिकली, मग किडनी बसवली. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षं जगला. पण जुळा भाऊ किती जणांना असतो?

1960 चं नोबेल मेडावर आणि बर्नेट यांना मिळून मिळालं. बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांची नावं त्यात नव्हती. मेडावर यांनी आपल्या वाट्याच्या रकमेतून दोघांना हिस्सा दिला. असं करणारे शास्त्रज्ञ शोधावे लागतात.

गंमत अशी की आपल्या शोधाचा दवाखान्यात लगेच उपयोग होईल, असं खुद्द मेडावर यांना वाटत नव्हतं. रॉय काल्न या ब्रिटिश सर्जनने आठवण सांगितली आहे की तरुणपणी त्याने मेडावर यांचं व्याख्यान ऐकलं. शेवटी कुणीतरी विचारलं, याचा रुग्णांना काही उपयोग? मेडावर यांनी साफ नाही म्हणून सांगितलं. काल्न यांनी मात्र ते मनावर घेतलं नाही. जन्माआधी ओळख करून देता येत नसेल, तर औषधाने प्रतिकारशक्तीला आवरता येईल का, हा मार्ग त्यांनी धरला. त्यातून 1960 च्या सुमारास अझाथायोप्रिन आलं, सोबत स्टिरॉइड. 1965 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात भारतातलं पहिलं मूत्रपिंड रोपण झालं, ते याच काळात. 1971 मध्ये वेल्लोरच्या सीएमसीत जिवंत दात्याकडून झालेलं रोपण यशस्वी ठरलं. पुढे नॉर्वेतल्या मातीत सापडलेल्या बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळालं. 1978 मध्ये काल्न यांनीच ते किडनीच्या रुग्णांना दिलं. जपानच्या त्सुकुबा भागातल्या मातीतून 1984 मध्ये टॅक्रोलिमस सापडलं. आज रोपण झालेले बहुतेक जण सकाळ-संध्याकाळ घेतात ती गोळी हीच.

पण या गोळ्या आठवण पुसत नाहीत, फक्त हात बांधून ठेवतात. गोळी सुटली की हात सुटतात. वर्ष झालं, आता बरं आहे, खर्चही परवडत नाही म्हणून स्वतःच्या मनाने डोस कमी करणं, हे किडनी गमावण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. आणि यात आळशीपणापेक्षा गैरसमजाचाच भाग जास्त असतो.

आता त्या फोनकडे येऊ. क्रिएटिनिन वाढलं म्हणजे रिजेक्शनच झालं असं नाही. जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं, लघवीच्या वाटेत अडथळा आला, जंतुसंसर्ग झाला, बीके नावाचा विषाणू बळावला, रक्तवाहिनी अरुंद झाली, तरी ते वाढतं. इतकंच काय, टॅक्रोलिमस रक्तात जास्त झालं तरी किडनीला त्रास होतो आणि आकडा वर जातो. म्हणजे एका कारणात औषध वाढवायचं आणि दुसऱ्यात कमी करायचं, पण रक्ताचा रिपोर्ट दोन्हीत सारखाच! म्हणून आकड्यावरून घरी अंदाज बांधणं धोक्याचं. डॉक्टर आधी लघवीतलं प्रथिन, औषधाची पातळी आणि सोनोग्राफी बघतात. तरी उलगडा झाला नाही तर बायोप्सी. नवी किडनी ओटीपोटात पुढच्या बाजूला, कातडीजवळ बसवलेली असते, त्यामुळे सुईने बारीक तुकडा काढणं तसं सोपं जातं. 1991 मध्ये कॅनडातल्या बॅन्फ गावी तज्ज्ञांनी एकत्र येऊन तो तुकडा कसा वाचायचा याचे नियम ठरवले. जगभरच्या रिपोर्टवर ‘बॅन्फ’ हा शब्द दिसतो, तो या गावाचा.

त्या तुकड्यात दोन वेगळे हल्लेखोर दिसू शकतात. पेशींनी केलेला हल्ला असेल, म्हणजे मेडावर यांनी सशांत पाहिलेली गर्दी, तर स्टिरॉइडची इंजेक्शनं देऊन तो बऱ्याचदा आटोक्यात येतो. अँटीबॉडीजनी केलेला असेल तर दात्याविरुद्धच्या त्या अँटीबॉडीज रक्तातही शोधतात, आणि उपचार जास्त अवघड असतो. दोन्हींत वेळ महत्त्वाचा. क्रिएटिनिन वाढेपर्यंत आत काही नुकसान झालेलंच असतं. ताप, किडनीच्या जागी दुखणं, लघवी कमी होणं ही जुनी लक्षणं आजच्या औषधांमुळे अनेकदा दिसतच नाहीत. स्वतःचा नेहमीचा आकडा पाठ असणं म्हणून कामाचं. लॅबच्या कागदावर 1.3 नॉर्मल असेलही, पण ज्याचं नेहमी 0.9 असतं त्याच्यासाठी ती बातमी आहे.

औषधाची पातळी तपासताना होणारी एक नेहमीची चूक म्हणजे सकाळची गोळी घेऊन रक्त द्यायला जाणं. रक्त आधी द्यायचं, गोळी नंतर. नाहीतर आकडा फसवा येतो. कोकणात घरोघरी असणारं पपनस या औषधाची पातळी वाढवू शकतं, ग्रेपफ्रूटसारखंच. टीबीवरचं रिफाम्पिसिन उलट ती इतकी उतरवतं की रिजेक्शनला दारच उघडं होतं. म्हणून गावातल्या डॉक्टरकडे साध्या खोकल्यासाठी गेलं तरी किडनी बदललेली आहे हे आधी सांगावं लागतं. अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनाने तर नकोच.

मेडावर यांचं स्वतःचं शरीर मात्र लवकर थकलं. 1962 पासून ते लंडनच्या मिल हिल इथल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेचे संचालक होते. उंचपुरे, ऑपेराचे शौकीन, बोलायला लागले की ऐकत राहावं असे. सप्टेंबर 1969 मध्ये ब्रिटिश असोसिएशनचे अध्यक्ष म्हणून एक्झिटर कॅथीड्रलमध्ये ते व्यासपीठावर वाचन करत होते आणि तिथेच त्यांना पक्षाघाताचा झटका आला. वय 54. डावी बाजू गेली, डावीकडचं दिसणंही गेलं. संचालकपद सोडावं लागलं. पण काम सोडलं नाही. जीन यांच्या मदतीने ते नॉर्थविक पार्कच्या प्रयोगशाळेत जात राहिले आणि एकामागून एक पुस्तकं लिहीत राहिले. तरुण शास्त्रज्ञांना दिलेल्या सल्ल्याचं त्यांचं पुस्तक 1979 मधलं, आत्मचरित्र 1986 मधलं. मधे आणखीही झटके आले.

2 ऑक्टोबर 1987 ला लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. तोवर सायक्लोस्पोरिनला अमेरिकेत मान्यता मिळून चार वर्षं होत आली होती आणि भावाबहिणीची किडनी वर्षानुवर्षं टिकवणं शक्य झालं होतं. 1953 च्या त्या उंदरांसारखं, गोळ्यांशिवाय परकी किडनी आपली मानणारं शरीर घडवायचे प्रयत्न अजून चालू आहेत. दात्याची किडनी आणि अस्थिमज्जा दोन्ही देऊन काही मोजक्या रुग्णांच्या गोळ्या बंद करता आल्या आहेत. बाकी सगळ्यांसाठी सकाळची गोळी, संध्याकाळची गोळी आणि बोलावलं की रक्त द्यायला जाणं चालूच आहे.